आठ अक्षरं, आठ स्वर

जोहान्सबर्गच्या घरात तोंड धुण्याच्या जागेसमोर भिंतीवर कागदाचे चिटोरे चिकटवलेले असत आणि त्यांवर गीतेचे श्लोक लिहिलेले असत. दात घासायला पंधरा मिनिटं, आंघोळीला वीस. वकिली जोरात चाललेली, दिवसात दुसरा निवांत वेळ नाही, म्हणून गांधी याच पस्तीस मिनिटांत रोज थोडं थोडं पाठ करत. असे तेरा अध्याय पाठ झाल्याचं त्यांनी आत्मकथेत सांगितलं आहे. त्याच्याही आधी, १८८९च्या सुमारास, लंडनमध्ये दोन थिऑसॉफिस्ट बंधूंनी गीता वाचायला बोलावलं, तेव्हा आपण ती संस्कृतात वाचलेली नाही आणि गुजरातीतही नाही, हे त्यांना शरमून कबूल करावं लागलं होतं. पहिली ओळख झाली ती एडविन अर्नोल्डच्या इंग्रजी भाषांतरातून. म्हणजे गीता इथून निघाली, लंडनला इंग्रजीत गेली, तिथे एका काठियावाडी विद्यार्थ्याला भेटली, त्याच्याबरोबर दक्षिण आफ्रिकेत उतरली आणि न्हाणीघराच्या भिंतीवर पुन्हा संस्कृत झाली.

फिलिप ग्लास या अमेरिकन संगीतकाराची ‘सत्याग्रह’ ही संगीतिका ऐकायला बसते, तेव्हा मला ती भिंत दिसते. कारण या संगीतिकेत गांधी जे काही गातात ते सगळं गीतेतलं आहे. तेच नव्हेत, तर कस्तुरबा, गांधींचे सहकारी कालेनबाख, सोंजा श्लेसिन आणि पारशी रुस्तुमजी, डर्बनच्या रस्त्यावरचा गोऱ्यांचा जमाव, कोणाच्याही तोंडी गीतेबाहेरचं काही नाही. आणि ते आहे मूळ संस्कृतात. ५ सप्टेंबर १९८० रोजी रॉटरडॅममध्ये या कृतीचा पहिला प्रयोग झाला. मागणीही त्याच शहराची होती. श्लोकांची निवड आणि रचना कॉन्स्टन्स डी-जाँग या लेखिकेची. युरोपीय गायक, युरोपीय वाद्यवृंद, समोर डच श्रोते, आणि भाषा कुरुक्षेत्राची.

भारतीय संस्कृतीचा जगावर प्रभाव पडला, असं आपण मोठ्या हौसेनं म्हणतो आणि मग याद्या देतो. मला यादीपेक्षा एकच कलाकृती हातात घेऊन ती नीट ऐकावीशी वाटते. प्रभाव म्हणजे काय, हे या अडीच-पावणेतीन तासांत जितकं समजतं तितकं मला दुसरीकडे कुठे समजलेलं नाही.

पहिली गोष्ट कानाला जाणवते ती म्हणजे इथे भारत ‘दिसत’ नाही. सतार नाही, तबला नाही, तंबोरा नाही. वाद्यवृंदात तंतुवाद्यं, लाकडी फुंकवाद्यं आणि एक ऑर्गन. पितळी वाद्यं ग्लासनं वगळली आहेत, तालवाद्यंही. म्हणजे ज्यांच्यावर युद्धाचं संगीत उभं राहतं ते नगारे आणि तुताऱ्याच काढून टाकल्या आहेत. कुरुक्षेत्रावर पडदा उघडतो आणि शंख वाजत नाही. खाली चेलो हळूहळू एक आकृती विणतो आहे आणि तिच्यावर एकच पुरुषी आवाज, तार सप्तकाची घाई न करता, गाऊ लागतो. तो आवाज गांधींचा. थोड्या वेळानं त्यात दुसरा आवाज मिसळतो, तो अर्जुनाचा. मग तिसरा, खर्जातला, कृष्णाचा. मग दोन्ही बाजूंचे समूह. एकेक वीट ठेवावी तशी ही रचना चढत जाते.

आपल्या रंगभूमीवर कृष्ण आणि अर्जुन १८८२पासून, ‘सौभद्र’पासून, गात आले आहेत, त्यामुळे ते गाताना पाहून मराठी माणूस दचकत नाही. इथे दचकायला होतं ते त्यांच्या मधोमध कोटपाटलोणातला एक तरुण वकील उभा असतो म्हणून. त्याच्या तोंडचे शब्द अर्जुनाचे आहेत, पहिल्या अध्यायातले. दोन सैन्यांच्या मध्ये रथ नेऊन, लढायला कोण कोण आलं आहे ते पाहू दे, असं अर्जुन म्हणतो, तिथले. डी-जाँगच्या संहितेत एक सैन्य हिंदी लोकांचं आहे, दुसरं युरोपियनांचं. गीतेला रूपक मानायचं की इतिहास, यावर आपल्याकडे ग्रंथच्या ग्रंथ झाले. इथे त्या वादाचं उत्तर युक्तिवादानं दिलेलं नाही. तिघांच्या तीन आवाजांत एकच ओळ फिरत राहते आणि पंधरा-वीस मिनिटांनी कुरुक्षेत्र कुठे संपलं आणि ट्रान्सवाल कुठे सुरू झालं, हे कानाला वेगळं काढता येत नाही.

ग्लासच्या संगीतात पुनरावृत्ती फार, अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. ती खोटी नाही. एखादी चार-पाच स्वरांची आकृती तो इतक्या वेळा फिरवतो की नवा श्रोता अस्वस्थ होतो. पण ही सवय त्याला कुठे लागली, तो किस्सा आपण लक्षात ठेवायला हवा. १९६५ साली पॅरिसमध्ये एका चित्रपटाचं संगीत करण्यासाठी पंडित रविशंकर आले होते. फ्रेंच वादकांना वाजवता यावं म्हणून ते संगीत पाश्चात्य लिपीत उतरवण्याचं काम तरुण ग्लासकडे होतं. त्यानं मात्रांचे गट पाडून उभ्या रेघा मारल्या, की आघात चुकायचे. अल्लारखाँ साहेब पुन्हा पुन्हा सांगत होते की सगळे स्वर सारखेच आहेत, असे कुणाला जास्त, कुणाला कमी नाहीत. शेवटी वैतागून ग्लासनं त्या उभ्या रेघाच खोडून टाकल्या. आणि त्याला दिसलं की समोर सारख्या लहान स्वरांची अखंड धार वाहते आहे, दोन-दोन, तीन-तीनच्या गटांनी ती वळते आहे आणि मोठ्या आवर्तनात येऊन समेवर मिळते आहे. पुढे न्यूयॉर्कमध्ये तो अल्लारखाँ साहेबांकडे काही काळ शिकलाही.

रागाचं नाव न घेता, एकही भारतीय वाद्य न वापरता, त्या खोडलेल्या रेघा ‘सत्याग्रह’मध्ये पानोपानी आहेत. साठ-सत्तरच्या दशकात पाश्चात्य संगीतात सतारीचे चार फटकारे टाकून पूर्वेचा वास आणणारे पुष्कळ झाले. त्यांतलं बरंचसं आज ऐकवत नाही. उसना घेतलेला दागिना परत करावा लागतो. पण जे अन्न होऊन अंगी लागलं ते वेगळं काढून दाखवता येत नाही आणि परतही करता येत नाही.

तरीही माझा एक आक्षेप बरीच वर्षं होता आणि तो मी मोकळेपणानं मांडते. ग्लासनं संस्कृत तसंच ठेवलं, कारण प्रेक्षकानं शब्दांचा पाठलाग करू नये, अर्थाचा भार संगीतावर आणि रंगमंचावर पडावा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरातही, जिथे एरवी प्रत्येक आसनासमोर भाषांतर उमटतं, तिथे या प्रयोगाला ते ठेवलं नव्हतं. मोजकी वाक्यं तेवढी रंगमंचावर प्रकाशात उमटत. मराठी मनाला हे खटकायलाच हवं. गीता कळावी म्हणून तर आपल्याकडे सातशे श्लोकांच्या नऊ हजार ओव्या झाल्या. ज्ञानेश्वरांपासून विनोबांपर्यंत सगळी धडपड तिला संस्कृतच्या कुलुपातून बाहेर काढण्याची. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा प्रवचनं देत आणि साने गुरुजी ती उतरवून घेत, ते सगळ्यांना समजावं म्हणूनच. आणि हा दूरदेशीचा संगीतकार ते कुलूप मुद्दाम पुन्हा लावतो?

या आक्षेपाचं उत्तर मला माझ्या आजीनं दिलं, तिच्या नकळत. तिला बारावा आणि पंधरावा अध्याय पाठ होता. संस्कृत येत नव्हतं. विचारलं तर ठोकळ अर्थ सांगायची, कधी चुकीचाही. पण भाजी निवडताना, दळणाचा डबा भरताना ती ते पुटपुटत असे, आणि घरात कुणाशी तिचं बिनसलं असेल त्या दिवशी जरा मोठ्यानं म्हणत असे. शब्द आधी तोंडात बसतात, मग हाताला वळण लावतात, अर्थ कधीतरी मागाहून येतो, हा गीतेशी नातं जोडण्याचा एक खराखुरा मार्ग आहे आणि तो ज्ञानेश्वरीच्या मार्गाला छेद देत नाही. न्हाणीघरातल्या चिटोऱ्यांचा मार्ग तोच. ग्लासची पुनरावृत्ती मी, हे लक्षात आल्यापासून, पाठांतर म्हणून ऐकू लागले आणि मग कंटाळा नावाची गोष्ट उरली नाही.

दुसऱ्या अंकात श्लोक आणि प्रसंग यांचं जोडकाम फार उंचीवर जातं. डर्बन, जानेवारी १८९७. बोटीतून उतरलेल्या गांधींना जमाव गाठतो, दगड आणि अंडी फेकतो, लाथा मारतो. पोलीस अधीक्षकांची पत्नी मिसेस अलेक्झांडर वाटेनं चाललेली असते, ती आपली छत्री उघडून त्यांच्या आणि जमावाच्या मध्ये उभी राहते. आता या जमावानं गायचं काय? डी-जाँगनं त्यांच्या तोंडी सोळावा अध्याय दिला आहे, आसुरी संपत्तीचं वर्णन. आज हे मिळवलं, उद्या ते मिळवीन, मीच धनी, मीच भोक्ता, असं म्हणणाऱ्या माणसाचं चित्र. जमाव खदाखदा हसतो, त्या हसण्याचाही ग्लासनं ठेका केला आहे, आणि त्या ठेक्यावर ते स्वतःचंच वर्णन स्वतः गातात. त्यांना ते कळत नाही. आपल्याला कळतं, कारण आपल्याला संस्कृतातला तो ‘मी’चा गजर ओळखीचा आहे. समोर एक स्त्री, एक छत्री. सगळ्या पुरुषी कल्लोळावर तिचा एकटीचा आवाज तरंगतो. या संगीतिकेत स्त्रियांच्या आवाजांना फार मानाची जागा आहे आणि इतिहासही त्याला साक्षी आहे. १९१३च्या लढ्याला खरी धार आली ती स्त्रिया तुरुंगात गेल्यावर.

त्याच अंकाच्या शेवटी १९०८चा ऑगस्ट येतो. जोहान्सबर्गच्या हमिदिया मशिदीच्या आवारात एका मोठ्या भांड्यात दोन हजारांहून जास्त नोंदणी-परवाने रॉकेल ओतून जाळले गेले. आग, जमाव, सरकारला उघड आव्हान. अशा दृश्याला कुठल्याही नाटककारानं अकराव्या अध्यायाचं विश्वरूप लावलं असतं. इथे लावला आहे बारावा. कुणाचाही द्वेष न करणारा, सगळ्यांशी मित्रभावानं आणि करुणेनं वागणारा भक्त कसा असतो, ते सांगणारे श्लोक. ज्वाळा वर जातात आणि शब्द म्हणतात, द्वेष नको. आजीचा बारावा! शाळेच्या पाठांतर स्पर्धेत मीही तो घडाघडा म्हणून बक्षीस घेतलं होतं. पण कायदा जाळताना म्हणायचे श्लोक म्हणून तो मला रॉटरडॅमच्या वाटेनंच कळावा लागला.

टॉल्स्टॉय फार्मच्या प्रसंगाबद्दल थोडंच बोलते, कारण तिथे संगीत मला जरा एकसुरी वाटतं. पाचव्या अध्यायातला विचार, की सांख्य आणि योग यांना वेगळं मानणारे अजाण, तिथे कुदळ-फावड्याच्या कामाला जोडला आहे. कल्पना सुंदर आहे, पण प्रसंग कल्पनेपुढे जात नाही. याच शेतावर १९१२ साली गोपाळ कृष्ण गोखले राहून गेले. त्या दौऱ्यात गांधींनी त्यांना एका सभेत मराठीत बोलायचा आग्रह केला, कारण श्रोत्यांत कोकणी मुसलमान होते आणि महाराष्ट्रातले इतरही होते. मराठीचं हिंदुस्थानीत भाषांतर गांधी स्वतः करणार, हे ऐकून गोखल्यांना हसू आवरेना. संगीतिकेत गोखले नाहीत. प्रत्येक अंकावर एकेक मूक साक्षीदार आहे, पहिल्यावर टॉल्स्टॉय, दुसऱ्यावर रवींद्रनाथ, तिसऱ्यावर मार्टिन ल्यूथर किंग. ते उंचावरून फक्त पाहतात. गोखल्यांची उणीव मी सोसते. पण जिथे ही सगळी कथा घडते त्या भूमीचा मूळचा काळा माणूस पात्रांत कुठेच नाही, ही उणीव सोसवत नाही. किंग अमेरिकेतून येतो, आणि नाताळमधला झुलू शेतकरी मात्र विंगेतही उभा नाही.

आता शेवटाकडे. ज्यासाठी मी ही ध्वनिमुद्रिका आजवर पुन्हा पुन्हा लावली, तो शेवट.

नोव्हेंबर १९१३. न्यूकॅसलहून निघालेले खाणकामगार आणि त्यांची कुटुंबं चालत ट्रान्सवालमध्ये शिरली आहेत. गांधींनीच आकडा नोंदवला आहे, २०३७ पुरुष, १२७ स्त्रिया, ५७ मुलं. पहिल्या मुक्कामाला सगळे उघड्यावर झोपले आहेत आणि रात्री हातात कंदील घेऊन एक गोरा अधिकारी पकडायला येतो. गांधी शेजारी झोपलेल्या सहकाऱ्याला हळूच उठवतात, बाकीच्यांची झोप मोडू देत नाहीत. संगीतिकेत या रात्री रंगमंच जवळजवळ रिकामा होतो. वर किंग. खाली गांधी. आणि गांधी एक स्वरपंक्ती गातात.

ती पंक्ती म्हणजे फक्त चढतं सप्तक, खालच्या षड्जापासून वरच्या षड्जापर्यंत. गाणं शिकायला बसलेल्या पोराला पहिल्या दिवशी देतात तसं. आठ स्वर. पाश्चात्य लोक या स्वरमालेला फ्रिजियन म्हणतात. आपण तिचे स्वर मोजले तर रिषभ कोमल, गंधार कोमल, मध्यम शुद्ध, पंचम, धैवत कोमल, निषाद कोमल. भैरवी! मैफल संपताना जिच्याशिवाय आपला श्रोता उठत नाही, ती. ग्लासनं भैरवी राग गाऊन घेतलेला नाही, हे स्पष्टच सांगायला हवं. त्यात मींड नाही, कण नाही, बाराही स्वरांना जवळ घेणारी ती आपली भैरवीची लाडीगोडी नाही. फक्त थाट आहे, हाडांचा सांगाडा. पण भैरवीचं हाडही भैरवीचंच असतं. पहिला कोमल रिषभ लागला की आत काहीतरी हलतं आणि आता निघायची वेळ झाली, हे शरीराला समजतं.

आणि शब्द? चौथा अध्याय, पाचव्या श्लोकापासून आठव्यापर्यंत. माझे पुष्कळ जन्म झाले, तुझेही झाले, मला ते आठवतात, तुला नाही, असं कृष्ण सांगतो तिथपासून, धर्माला ग्लानी येते तेव्हा मी येतो, या आपल्या घराघरांत भिंतीवर टांगलेल्या वचनापर्यंत. छंद अनुष्टुभ. एका चरणात आठ अक्षरं. आणि स्वर आठ. एका स्वरावर एक अक्षर ठेवत चरण पायरी पायरीनं वर जातो, वरच्या षड्जाला टेकतो, थांबतो. पुढचा चरण पुन्हा खालून. असा तीस वेळा.

इथे नुकसानही आहे. अनुष्टुभाचा प्राण लघु-गुरूत असतो. पाठ म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडी पाचवं अक्षर कसं चटकन उडतं आणि सहावं कसं लांबतं, ते ज्यानं ऐकलं आहे त्याला ही सपाट वाटचाल टोचते. महाप्राण व्यंजनं तर युरोपीय गळ्यात विरघळूनच जातात. पण मग अल्लारखाँ साहेबांचं ते सांगणं आठवतं, सगळे स्वर सारखे, आणि माणसामाणसांतली उंची-खोली पुसायला निघालेल्या गांधींच्या गाण्यात ऱ्हस्व-दीर्घांचीही जात पुसली गेली, हे मला मान्य होऊन जातं.

आपल्या गाण्यात तंबोरा स्थिर असतो आणि गाणारा त्याच्याभोवती फिरतो. इथे उलट. गाणारा त्याच शिडीवर पुन्हा पुन्हा चढतो आणि खालची जमीन, तंतुवाद्यांची स्वरसंगत, हलकेच बदलत राहते. त्यामुळे तोच निषाद कधी उदास वाटतो, कधी निःशंक. आणि अवरोह येतच नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दर खेपेला वाट पाहत होते की आता तरी खाली येईल. आरोह केला की अवरोह करायचा, हे आपल्या कानाला कुणी सांगावं लागत नाही. पण हा आवाज वर जाऊन थांबतो, आणि खाली यायचं काम तसंच राहतं.

संगीतिकेच्या आरंभी गांधींच्या तोंडी अर्जुन होता. शेवटी कृष्ण आहे. हे मला पूर्वी जड जाई, माणसाला देव करण्याची आपली जुनी खोड या परक्यांनीही उचलली, असं वाटे. मग लक्षात आलं की ते शब्द गांधी स्वतःबद्दल म्हणत नाहीत. वर किंग उभा आहे, त्याचं तोंड भविष्याकडे. पुष्कळ जन्म माझे झाले, तुझेही, हे वाक्य १९१३मधला एक माणूस अजून न जन्मलेल्या एका माणसाला सांगतो आहे.

मेट्रोपॉलिटनमधला फीलिम मॅक्डरमॉटचा प्रयोग विलक्षण होता. त्यात पत्र्याच्या भिंती आणि वर्तमानपत्रांच्या कागदातून उभे राहिलेले अजस्र पुतळे होते, गांधींच्या ‘इंडियन ओपिनियन’ या पत्राची आठवण देणारे. पण त्या प्रयोगातली मला सगळ्यात प्रिय घटना रंगमंचाबाहेरची आहे. १ डिसेंबर २०११, हंगामातला शेवटचा खेळ. ‘ऑक्युपाय’ चळवळीचे लोक लिंकन सेंटरच्या चौकाबाहेर जमले होते आणि पोलिसांनी मध्ये कठडे लावले होते. चौऱ्याहत्तर वर्षांचा ग्लास त्या गर्दीत येऊन उभा राहिला आणि संगीतिकेचे ते शेवटचे श्लोक त्यानं इंग्रजीत म्हटले. ध्वनिक्षेपक नव्हता. म्हणून तो एक तुकडा म्हणे, जमाव तो तुकडा मोठ्यानं पुन्हा म्हणे, मग पुढचा तुकडा. आपल्याकडे याला संथा देणं म्हणतात.

आत खेळ सुटला होता. बाहेर पडणाऱ्या श्रोत्यांना पोलीस बाजूच्या दारांनी जायला सांगत होते. ते पायऱ्यांवर घुटमळले. नुकतेच तीस वेळा वर चढलेले ते आठ स्वर अजून कानात असणार. कठड्यापलीकडून लोक त्यांना हाका मारत होते, इकडे या, ऐका. आधी दोघं-चौघं, मग बरेच, मग लाटेसारखे सगळे पायऱ्या उतरू लागले.